गाडीचं माहेर कोणतं?
किन्हीराजाच्या फाट्यावरून निघालेली मोटारींची एक फेरी

वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या फाट्यावर चहाचा ग्लास घेऊन अर्धा तास उभं राहा. सोयाबीनची पोती भरलेला छोटा हत्ती जातो, माणसांनी गच्च भरलेली काळीपिवळी जाते, सरकारी पाटी लावलेली बोलेरो जाते, लग्नसराईत फुलांनी मढलेली इनोव्हा जाते. मधूनच एखादा लांबलचक ट्रेलर येतो, पोटात आठ-दहा कोऱ्या गाड्या घेऊन. परवा असाच एक ट्रेलर टपरीसमोर थांबला आणि दप्तर लटकवलेल्या एका पोरानं विचारलं, “काका, ह्या गाड्या कोन्या गावच्या जी?”

“आपल्याच राज्यातल्या असतील,” मी म्हणालो. त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर, त्या पोरासाठी आणि तुमच्यासाठीही.

१. नंबर प्लेट सासर सांगते, माहेर नाही

एमएच-३७ दिसलं की गाडी वाशिमची, एमएच-१४ पिंपरी-चिंचवडची, एमएच-१५ नाशिकची, एमएच-२० छत्रपती संभाजीनगरची, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही पाठ असतं. पण हा पत्ता नोंदणीचा, म्हणजे गाडी नांदते कुठे त्याचा. जन्माची खूण असते ती चॅसिस नंबरात. हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. सुरुवात ‘एमएटी’ने असेल तर गाडी टाटांची, ‘एमए१’ने असेल तर महिंद्राची. आरसी बुक काढा आणि आजच बघा.

२. शिवडीची शेवरोले

मुंबईत शिवडीला १९२८ साली जनरल मोटर्सनं शेवरोले गाड्या जुळवायला सुरुवात केली. भारतातल्या अगदी पहिल्यावहिल्या मोटार कारखान्यांपैकी हा एक. भाग बोटीनं परदेशातून यायचे आणि गाडी उभी राहायची मुंबईच्या कामगारांच्या हातांनी. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथेच बनवा. तेव्हा, १९५४ साली, कंपनीनं गाशा गुंडाळला. तिची गोष्ट इथे संपत नाही. पुढे तळेगावला ती पुन्हा भेटेल.

३. सोलापूरचा माणूस: पाणी, आभाळ आणि रस्ता

वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. त्यांनी सिंदिया कंपनीची जहाजं समुद्रात आणली. १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना उभा केला, आजच्या एचएएलचं मूळ तेच. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचा ध्यास एकाच माणसाला, आणि तोही इंग्रजांच्या राज्यात, परवानगीसाठी पदोपदी झगडत. आपल्या पाठ्यपुस्तकात या माणसाला एक अख्खा धडा मिळायला हवा.

४. चितोडच्या राणीची टॅक्सी

कुर्ल्याच्या याच कारखान्यानं इटलीच्या फियाटशी हात मिळवून फियाट ११०० बनवली. पुढे तिचं बारसं चितोडच्या राणीच्या नावानं झालं: प्रीमियर पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढच्या सलग बाकड्यावर ड्रायव्हरशेजारी आणखी दोघं मावायचे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण कित्येक दशकं टिकलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. त्या हिशेबानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली.

५. इचलकरंजीची मीरा

हा किस्सा मला सगळ्यात जवळचा. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४०च्या दशकात सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार बनवायचं मनावर घेतलं. मोठा कारखाना नाही, इंजिनिअरिंगची पदवी नाही. १९४९ साली दोन माणसांची पहिली मीरा तयार झाली. पुढे तिची सुधारित रूपं येत राहिली. इंजिन मागच्या बाजूला. पाट्याच्या स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेंशन. किंमत धरली होती सुमारे १२,००० रुपये. मीरा कधी मोठ्या प्रमाणावर बाजारात आली नाही. पण जनतेच्या मोटारीची चर्चा देशभर सुरू होण्याच्या कितीतरी आधी एका मराठी माणसानं ती स्वतःच्या हातांनी बनवून रस्त्यावर चालवून दाखवली होती.

६. महिंद्रा आणि... मोहम्मद!

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत सुरू झालेल्या कंपनीचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि नंतर गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. आद्याक्षरं मात्र तीच राहिली.

७. जीपची परतफेड

याच महिंद्रानं १९४९ साली माझगावला विलिस जीप जुळवायला घेतल्या. पहिली खेप ७५ जीपची, सगळे भाग अमेरिकेहून सुटे आलेले. आता घड्याळ पुढे करा. २०१७ साली अष्टविनायकातल्या महागणपतीच्या रांजणगावात जीप कंपास बनू लागली आणि तिथून जपान, ऑस्ट्रेलियाला निघाली. एके काळी जीपचे सुटे भाग बोटीतून उतरवून घेणारा महाराष्ट्र अख्खी जीप बोटीत चढवू लागला. मधे गेली ६८ वर्षं.

८. ‘टेम्पो’ हे खरं तर आडनावासारखं

आपण म्हणतो, “टेम्पो सांग, कापूस न्यायचा आहे.” पण टेम्पो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीचं नाव! नवलमल फिरोदियांनी १९५८ साली तिच्याशी करार करून बजाज टेम्पो सुरू केली. आधी मुंबईत गोरेगावला, मग पुण्याजवळ आकुर्डीला. तीन चाकांची ती हॅन्सिएट गाडी इतकी रुळली की माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी मराठीत टेम्पोच झाली. ‘मॅटॅडोर’चंही तेच, नाव एका गाडीचं आणि चिकटलं सगळ्या जातीला. जर्मनीतली मूळ टेम्पो कंपनी कधीच इतिहासजमा झाली. तिचं नाव जिवंत ठेवलं ते आपल्या बाजार समितीच्या आवारानं. आकुर्डीच्या कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स. आपल्या फाट्यावर थांबणारी क्रूझर तिचीच. आणि मर्सिडीजच्या भारतात बनणाऱ्या गाड्यांसाठी इंजिनं जुळवते तीही हीच कंपनी. एकाच घराचा एक हात काळीपिवळीला, दुसरा मर्सिडीजला.

९. जाकार्तात रिक्षाला काय म्हणतात?

बजाज! उच्चार मात्र ‘बजाय’. इंडोनेशियाच्या राजधानीत भारतातून गेलेल्या तीनचाकी इतक्या पसरल्या की वाहनालाच कंपनीचं नाव पडलं. आफ्रिकेतल्या टांझानियातही रिक्षा म्हणजे ‘बजाजी’. बजाजच्या रिक्षांचा मोठा कारखाना आहे वाळूजला, म्हणजे आपल्याच रस्त्यानं पश्चिमेला गेलं की संभाजीनगरच्या पुढे. हॅम्बुर्गचं नाव आपल्या तोंडी बसलं, आपल्याकडचं नाव जाकार्ताच्या तोंडी. फिटंफाट.

१०. सुमो म्हणजे पैलवान नव्हे

टाटा सुमो आली १९९४ साली. नाव ऐकून सगळ्यांना जपानी पैलवान आठवतात. खरं नाव आहे सुमंत मुळगावकर यांचं: सुमंतमधला ‘सु’ आणि मुळगावकरमधला ‘मो’, कारण इंग्रजीत ते आडनाव ‘मो’नं सुरू होतं. मुंबईत जन्मलेल्या या इंजिनिअरनं टाटांची टेल्को कंपनी घडवली, १९६६ पासून पुण्याचा कारखाना उभा केला. तिथल्या ओसाड माळावर यंत्रांआधी झाडं लावायची आणि तळं करायची कळकळ त्यांचीच. १९८९ साली ते गेले. पाच वर्षांनी त्यांचं नाव गावोगावच्या रस्त्यांवर धावू लागलं. मुळगावकर कोण हे ठाऊक नसलेल्यांनीही ते नाव रोज घेतलं.

११. इंडिका आणि वाशिम जिल्हा एकाच वर्षाचे

अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याच वर्षी, ३० डिसेंबरला, पुण्याची टाटा इंडिका बाजारात आली. संपूर्ण भारतीय बनावटीची म्हणून देशानं तिला डोक्यावर घेतलं. तिची जुळणीची लाइन कुठली होती माहीत आहे? ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या कारखान्याची. टाटांच्या माणसांनी ती तिकडे जाऊन सोडवली, जहाजात घातली आणि पुण्यात पुन्हा उभी केली. पुढे २००३ ते २००५ हीच इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावानं इंग्लंडमध्ये विकली गेली. पिंपरीची गाडी इंग्रजांच्या रस्त्यावर, तीही इंग्रजी ब्रँडचा बिल्ला लावून.

१२. छोटा हत्ती, मोठं काम

टाटा एस पुण्यात घडली आणि २००५ साली बाजारात उतरली. दोनच सिलिंडरचं डिझेल इंजिन, चार चाकं, आणि पाऊण टनाच्या आसपास भार. ट्रकला अरुंद असलेल्या गल्लीत शिरणारी, तीनचाकीपेक्षा भक्कम. लोकांनी तिला कंपनीच्या नावानं हाक मारलीच नाही. छोटा हत्ती म्हटलं आणि ते कायमचं झालं. आजवर अशा २० लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या आहेत. भाजीपाला, मंडप, डीजे, सोयाबीन, वरात, निवडणुकीचा भोंगा... हत्तीनं वाहिलं नाही असं काय उरलंय?

१३. नाशिकचा ‘ओ’

बोलेरो आली २००० साली, स्कॉर्पिओ २००२ साली, दोघींचं माहेर नाशिक. महिंद्राच्या नावांकडे नीट बघा: बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, व्हेरिटो. शेवट ‘ओ’नं! एक्सयूव्ही ५०० आली तेव्हाही कंपनीनं तिचं नाव वाचलं ‘फाइव्ह डबल ओ’.

१४. चाकणचा किल्ला आणि चाकणची मर्सिडीज

१६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजवला. किल्ला भुईकोट, डोंगराचा आधार नाही. होती ती फक्त मावळ्यांची जिद्द. कांद्याच्या बाजारानं ओळखलं जाणारं हेच चाकण आज देशातल्या मोठ्या मोटार पट्ट्यांपैकी एक आहे. फोक्सवॅगन २००९ साली इथे सुरू झाली, महिंद्राचा मोठा कारखाना इथे आहे. मर्सिडीज १९९५ सालापासून पुण्यात बनते आणि २००९ पासून चाकणला. २०२२ साली तिची विजेवर चालणारी ईक्यूएस चाकणला जुळायला लागली. जर्मनीबाहेर ही गाडी बनवणारा पहिला देश भारत ठरला.

१५. चाकण ते मेक्सिको, चाकण ते व्हिएतनाम

चाकणची फोक्सवॅगन व्हेंटो डावीकडे स्टिअरिंग लावून हजारोंनी मेक्सिकोला गेली. स्कोडाच्या कुशाक आणि स्लाव्हिया या गाड्यांचे सुटे संच पुण्याहून व्हिएतनामला जातात आणि तिथल्या क्वांग निन्ह प्रांतातल्या कारखान्यात जोडले जातात. हा कारखाना २०२५ साली सुरू झाला. जवळजवळ शंभर वर्षांमागं शिवडीला जे घडायचं तेच, पण उलट्या दिशेनं. आता पेट्या आपल्याकडून निघतात आणि पाने घेऊन तिकडची माणसं वाट बघतात.

१६. इनोव्हाचं आजोळ इंडोनेशिया

नवरदेवाची लाडकी इनोव्हा मूळची इंडोनेशियाची. तिथे तिचं नाव किजांग इनोव्हा. किजांग म्हणजे भेकर, आपल्या रानातल्या हरणाच्या कुळातलं छोटं जनावर. २००० साली आलेली क्वालिस हीदेखील किजांगच. भारतात या गाड्या बनल्या कर्नाटकात बिडदीला, टोयोटा आणि किर्लोस्कर यांच्या भागीदारीतून. विहिरीवरच्या इंजिनावर आणि पंपावर जे नाव पाहत आपण मोठे झालो, तेच हे नाव. आणि ऐका: २०२४ साली टोयोटा किर्लोस्करनं महाराष्ट्र सरकारशी करार केला, संभाजीनगरजवळ बिडकीनला सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी. भेकराच्या या कुळाची एक शाखा मराठवाड्यात यायची वाट आपण पाहतोय.

१७. तळेगावात पुन्हा भेट

शिवडीहून गेलेली जनरल मोटर्स परत आली आणि २००८ साली तळेगावला शेवरोले बनवू लागली. २०१७ साली तिनं भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात कारखान्यातलं उत्पादनही. मग तो कारखाना घेतला कोरियाच्या ह्युंदाईनं. कंपन्या येतात, जातात. त्या परिसरात साचलेलं कसब मात्र तिथेच राहतं. नवा मालक त्या कसबासाठीच येतो.

१८. वेताळ टेकडीवरची परीक्षा

गाडीला रस्त्यावर येण्याआधी परीक्षा द्यावी लागते. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून एआरएआय ही संस्था गाड्यांचा धूर, ब्रेक, आवाज, सुरक्षितता तपासते. २०२३ साली भारतानं टकरीच्या चाचणीवरून तारे देण्याची स्वतःची पद्धत सुरू केली. डिसेंबरात पहिले निकाल लागले आणि पहिले पाच तारे मिळवणाऱ्या गाड्या होत्या हॅरियर आणि सफारी. दोन्ही पुण्याच्या! समृद्धी महामार्गावरून सुसाट निघणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावं, तारे गाडीला मिळालेत. पट्टा आपणच लावायचा असतो.

१९. तीस हजारांचं कुटुंब

शेवटच्या स्क्रूपर्यंत मोजलं तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग असतात. ते एका छताखाली बनत नाहीत. कुठे काच, कुठे सीट, कुठे वायरी. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज आहे, १९६१ साली स्थापन झालेली. तिथे तापलेल्या लोखंडावर प्रचंड हातोडे पडतात आणि इंजिनाचा कणा, म्हणजे क्रँकशाफ्ट, घडतो. तिचे भाग जगभरच्या वाहनांत बसतात. आपल्या गावच्या लोहाराच्या भात्यापाशी जे घडायचं त्याचंच हे अवाढव्य रूप. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर शिकणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवावं, गाडीवर नाव एका कंपनीचं असतं आणि काम हजारो कारखान्यांचं.

२०. उन्हावर चालणारी इवा

पुण्याच्या वेव्ह मोबिलिटी या कंपनीनं २०२३ साली इवा नावाची छोटी वीजगाडी दाखवली आणि २०२५ साली बाजारासाठी जाहीर केली. टपावर सौर पट्ट्या. कंपनीच्या हिशेबानं वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंतचं अंतर नुसत्या उन्हावर निघू शकतं. पुण्याच्या उन्हात ही गत, तर आमच्या वऱ्हाडच्या मे महिन्यात काय होईल, विचार करा!

२१. आणि सोयाबीनची मोटार

वाशिम म्हणजे सोयाबीन. म्हणून हा किस्सा शेवटी राखून ठेवला. अमेरिकेच्या हेन्री फोर्डला सोयाबीननं झपाटलं होतं. शेतमालातून कारखान्याचा माल बनवायचा, म्हणजे शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळेल, असं त्याचं म्हणणं. १९३०च्या दशकात त्याच्या गाड्यांच्या रंगात सोयाबीनचं तेल होतं आणि भोंग्याचं बटण, गिअरची मूठ असल्या वस्तू सोयाबीनच्या प्लास्टिकच्या होत्या. १९४१ साली त्यानं चक्क एक मोटार लोकांपुढे आणली, सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वरची कातडी सोयाबीनसारख्या शेतमालापासून केलेल्या प्लास्टिकची. महायुद्धात ते काम थांबलं. पण कल्पना मेली नाही. फोर्ड कंपनीनं २००८च्या मस्टँग गाडीच्या सीटमध्ये सोयाबीन तेलापासून केलेला फोम घातला आणि नंतर तो अमेरिकेतल्या तिच्या इतर गाड्यांमध्येही गेला.

आमच्या किन्हीराजाच्या वावरात कारखाना नाही. पण ज्या दाण्यापासून मोटारीची गादी होते तो दाणा दर हंगामात इथे पोत्यांनी निघतो, छोट्या हत्तीत चढतो आणि भावाची वाट बघतो. गाड्यांची माहेरं आपल्या राज्यात इतकी आहेत, तर गादीचं माहेर वाशिमला का असू नये? त्या पोराला पुन्हा फाट्यावर गाठायचंय. या वेळी गाड्यांची यादी मी सांगीन, आणि हा शेवटचा प्रश्न त्याच्या दप्तरात टाकीन.